वाटणीत आलेलं स्टेशन

आमच्या घरात वाटणी झाली तेव्हा भांडण झालं नाही, हे आम्ही पुढे बरीच वर्षं चारचौघांत अभिमानाने सांगत असू. आमच्याच भावकीत एका फणसाच्या झाडापायी दोन सख्खे चुलते कोर्टाच्या पायऱ्या झिजवत म्हातारे झाले होते. महाडच्या कोर्टाबाहेरच्या चहावाल्याला त्या फणसाची माहिती आमच्यापेक्षा जास्त होती. त्यामुळे दादा शाळेतून निवृत्त झाला आणि म्हणाला, "आता मी पोलादपूरकडे गावच्या घरी राहायला जातो, आपण सगळं नीट वाटून घेऊ," तेव्हा आवाज म्हणून चढवायचा नाही असं आम्ही दोघांनी मनाशी पक्कं केलं होतं. शेत वाटलं, भांडी वाटली, आईचे दागिने दोघी जावांनी एकमेकींना 'तुम्ही घ्या, तुम्ही घ्या' करत वाटले. आता वाटतं, कडाक्याचं भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडलेली माणसं निदान कधीतरी समेट तरी करतात. आम्ही इतके समंजस वागलो की समेट करायला काही जागाच ठेवली नाही.

सगळ्यात शेवटी मामांनी माळ्याकडे बोट दाखवलं. वाटणीला वडीलधारं माणूस हवं म्हणून त्यांना गावाहून मुद्दाम बोलावलं होतं. ते म्हणाले, "आन् ती आगगाडी? ती कुणाच्या वाट्याला घालायची हाय?"

ती आगगाडी म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मी दातांचा डॉक्टर. महाडच्या बाजारपेठेत खाली दवाखाना आणि वर घर. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, महाडच्याच हायस्कुलात गणित शिकवायचा. महाड गावात रेल्वे नाही. ती गावाला वळसा घालून वीर स्टेशनावरून जाते. पण तो लोहमार्ग टाकत होते तेव्हा दादाला त्याचं वेड लागलं. रविवार आला की मला स्कूटरवर मागे बसवून तो तिकडे घेऊन जायचा, आणि तासन्‌तास आम्ही मातीचा भराव बघत उभे राहायचो. मला इंजिन कधी येतंय याची घाई. तो म्हणायचा, "इंजिन काय, कुणीही पळवील. रूळ बघ. गाडी पळते ती रूळ टाकणाऱ्याच्या जिवावर."

मग एकदा मुंबईला गेला आणि येताना एक खोकं घेऊन आला. त्यात सुट्या भागांचं इंजिन होतं. तळहाताएवढं, पण प्रत्येक जाळी, प्रत्येक पायरी वेगळी. सोबत हातभर लांबीचे चार रूळ. ते इंजिन जोडायला आम्हाला अख्खा उन्हाळा लागला, कारण सूचना कुठल्या तरी परकीय भाषेत होत्या आणि आम्ही दोघंही विचारून घेणाऱ्यातले नव्हतो. त्या वर्षी वळणाचे रूळ मागवले आणि गणपतीच्या चौरंगाभोवती ती गाडी फिरली. आई आरती सोडून तिच्याकडेच बघत बसली, म्हणून भटजी रुसले होते.

तिथून दरवर्षी भर पडत गेली. चौरंगाभोवतीचा गोल वाढता वाढता दोन दारं शेजारी शेजारी ठेवावीत एवढ्या प्लायवूडच्या फळीवर गेला. एका बाजूला घाट, पूल आणि बोगदा. दुसऱ्या बाजूला स्टेशन. मूर्ती मध्ये, थोडी उंचावर, आणि तिच्या भोवतीने गाडी. रूळ टाकायचं काम दादाचं, त्यात मी बोट घालायचं नाही. दोन रुळांच्या सांध्यावरून तो नख फिरवायचा, आणि नखाला जराशी जरी धार लागली तरी सांधा काढून परत घालायचा. बाकी नटवण्याचं काम माझं. डोंगर दातांच्या साच्याच्या प्लास्टरचा. त्यावरचे कातळाचे थर मी दातावरचं कीटण काढायच्या हत्याराने कोरले होते. खिडक्यांच्या चौकटी, दिव्यांचे खांब, फलाटावरची माणसं, हमालाच्या डोक्यावरचं गाठोडं, सगळं दवाखाना बंद झाल्यावर त्याच खुर्चीच्या दिव्याखाली व्हायचं. बायको म्हणायची, "पेशंटच्या दाढेकडे एवढं बघत असतात तर आत्तापर्यंत बंगला झाला असता."

या खेळात सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे माप. आमचं माप ठरलेलं होतं, खऱ्या गोष्टीच्या सत्त्याऐंशीपट लहान. गाडी त्या मापाची म्हणजे माणूसही त्याच मापाचा, दारही त्याच मापाचं, गवतसुद्धा त्याच अंदाजाचं. मी एकदा जत्रेतली एक गाय हौसेने फलाटामागे उभी केली. दादाने चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाला, "ही गाय आहे की हत्ती? उचल." मी म्हटलं, "अरे, लोकांना काय कळतंय." तो म्हणाला, "लोकांना नाही कळलं तरी गाडीला कळतं." असं काही तरी बोलायचा तो, आणि वर आपल्यालाच लाज वाटेल असं बघायचा.

चुकलो नाही असंही नाही. रुळांखाली खडी हवी म्हणून सावित्री नदीची वाळू आणून पिठाच्या चाळणीने चाळली आणि गोंदात बसवली. दिसायला इतकी खरी की आम्हीच खूश. दुसऱ्या दिवशी इंजिन कण्हायला लागलं. तिसऱ्या दिवशी बंद. उघडून बघतो तर आतल्या चुंबकाला काळी भुकटी चिकटलेली. आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या वाळूत लोखंडाचे कण असतात, हे दोघांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि एक गणिताचा मास्तर नि एक डॉक्टर भर गणपतीत खडी खरवडत बसले. पुढे वाळूतून लोहचुंबक फिरवून मगच ती वापरायची असा नियम झाला. त्या चुकीवर आम्ही दोघं इतके हसलो होतो की वहिनी वर बघायला आल्या, यांना झालंय काय म्हणून.

तर मामांनी विचारलं, आगगाडी कुणाची.

दादाने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. मी म्हणायला हवं होतं की तू ने. त्याने म्हणायला हवं होतं की तूच ठेव. पण दिवसभर आम्ही सगळं इतकं काटेकोर वाटत आलो होतो की तेवढ्या एका गोष्टीत कुणी जास्त घेतलं असं व्हायला नको, हीच धास्ती दोघांना. दादा म्हणाला, "अर्धी अर्धी करू." मी लगेच म्हटलं, "हो, तेच बरं." मामासुद्धा चपापले. म्हणाले, "अरे, गाडी हाय ती. भाकरी नाय मोडायला." पण आम्ही ऐकलं नाही. शहाणी माणसं होतो ना आम्ही.

दवाखान्यातून मशीन वर आणून दाताचं सोनं कापायच्या चकतीने मीच रूळ कापले, दोन ठिकाणी. धातूचा वास सुटला होता. मग दादाने फळी करवतीने मधोमध चिरली. भुसा प्लास्टरच्या डोंगरावर उडाला. मामांनी मोठ्या भावाला आधी निवडायला सांगितलं, आणि दादाने घाट निवडला. पूल आणि बोगदा त्याच्याकडे गेला, स्टेशन माझ्या वाट्याला आलं. इंजिनं दोन होती, त्यामुळे तिथे प्रश्न आला नाही. वाटणी अगदी चोख झाली. कुणाकडेही एक बोटभर जास्त गेलं नाही, आणि कुणाचीही गाडी कुठे जाईना.

आपल्याकडे चूल वेगळी झाली की गणपतीही वेगळा बसतो. त्या वर्षीपासून त्याचा गणपती गावच्या घरी आणि माझा महाडला. दोन्हीकडे तेच पाच दिवस, दोन्हीकडे पाहुणे, दोन्हीकडे गौरी. त्यामुळे गणपतीत एकमेकांकडे जाणं होईना, आणि देखावे तर गणपतीतच मांडले जातात. एरवी आम्ही भेटायचो. दिवाळीला, लग्नाकार्याला, भात कापणीनंतर तो तांदळाचं पोतं घेऊन यायचा तेव्हा. साखर, बीपी, मुलांच्या नोकऱ्या, रस्त्याचं काम. गाडीचा विषय निघाला नाही. का निघाला नाही ते विचाराल तर मला सांगता येणार नाही. दुखरा दात असला की माणूस दुसऱ्या बाजूने चावतो. रोज बघतो मी हे.

माझ्या गणपतीपुढे दरवर्षी स्टेशन असायचं. फलाट, तिकीटघर, पाण्याची टाकी, रांगेत माणसं, आणि फलाटाला लागलेली गाडी. उभी. दिवे लागायचे, भोंगा वाजायचा, पण हलायची नाही. हलून जाणार कुठे? दोन्ही बाजूंना फळी संपत होती. दर्शनाला आलेली मुलं तोंडातला मोदक तसाच ठेवून विचारायची, "काका, गाडी कधी सुटणार?" मी म्हणायचो, "सिग्नल पडला की." काही मुलं मोठी झाली, आपली मुलं घेऊन आली, आणि ती मुलंही तेच विचारायला लागली.

बायको दरवर्षी म्हणायची, "अहो, वाकणारे रूळ मिळतात म्हणे आता घरपोच. मागवा आणि गोल पुरा करा. किती दिवस ते अर्धवट बघायचं?" खरं होतं. फळी थोडी वाढवली असती तर महिनाभराचं काम होतं. पण गोल पुरा करायचा म्हणजे रुळांची कापलेली टोकं वळवावी लागणार. ती मला वळवायची नव्हती. मला ती दोन अर्धी पुन्हा जोडायची होती. दुसरं काही नको होतं मला त्या फळीकडून. म्हणून मी दर पावसाळ्याआधी त्या टोकांना खोबरेल तेलाचा हात फिरवायचो, वर कापूस, वर चिकटपट्टी. फळी दमटपणाने फुगू नये म्हणून कडेला व्हार्निशचा हात. कापलेली कड सरळच राहिली पाहिजे, नाही तर पलीकडची बसणार कशी? दादाची कडही अशीच राखलेली असणार याबद्दल मला शंका नव्हती. रुळाच्या बाबतीत तो माझ्यापेक्षा कडक. एवढं मी धरूनच चाललो होतो.

मोठा पूर आला तेव्हा बाजारपेठेत पाणी चढताना लोक कागदपत्रं, सिलिंडर, शिलाई मशीन वर नेत होते. मी खालच्या खोलीतून आधी ती फळी वर नेली. एकट्याने. फ्रीज गेला, दवाखान्याची खुर्ची गेली, सासऱ्यांनी दिलेलं कपाट चिखलाने भरलं. नंतर एकदा चिखल खरवडताना बायको म्हणाली, "कळलं मला तुमचं. पण त्यांना कळवलंत का कधी?" मी म्हटलं, "कळवायचं काय त्यात. त्याला माहीत आहे."

आणि यंदा आषाढात दादाचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाला, "ऐक, मी काय म्हणतो, यंदा गणपती एकत्रच करू का? तुम्ही सगळे इकडेच या."

मी दवाखान्यात होतो. खुर्चीवर पेशंट तोंड उघडं ठेवून बसलेला. मी म्हटलं, "करू या की." फोन ठेवला आणि त्या बिचाऱ्याच्या दाढेत काय भरायचं तेच मला आठवेना.

तो पुढे म्हणाला होता की मुलांना मुंबईहून सुट्या मिळत नाहीत, वहिनींचे गुडघे गेलेत, पाच दिवस दोघांना झेपत नाही. हे मी ऐकलं होतं. कानांनी ऐकलं होतं. पण माझ्या डोक्यात एकच शब्द राहिला, एकत्र. म्हातारपणी माणूस जरा हट्टीच होतो, त्याला हवं तेवढंच ऐकू येतं.

त्या दिवसापासून मी कामाला लागलो. रुळांची पट्टी काढली, स्पिरिटच्या बोळ्याने तेल पुसलं. धातू वर्षानुवर्षं झाकून ठेवलेल्या भांड्यासारखा निघाला, स्वच्छ. उखडलेली खडी परत भरली, चुंबक फिरवलेल्या वाळूची. फलाटावरच्या माणसांचे उडालेले रंग पुन्हा दिले. एका बाईची पिशवी पुरातल्या धावपळीत तुटली होती, ती तारेची नवीन केली. तिकीटघराच्या खिडकीला काच बसवली. इंजिन उघडून तेलपाणी केलं. सांधे जोडायच्या बारीक पट्ट्या मागवल्या, डाग द्यायची सोल्डरची बंदूक तपासली. बायको चहा आणून शेजारी ठेवायची आणि बघत राहायची. एकदा म्हणाली, "लग्नाच्या वेळी एवढे खूश नव्हतात."

आमच्या गणपतीचं काय, हा प्रश्न होता. गुरुजी म्हणाले, थोरल्या भावाकडे एकत्र करताय तर त्यात दोष कसला, उलट चांगलंच. मग राहिलं नाही काही.

हरतालिकेच्या दिवशी बिरवाडीच्या एकाचा छोटा टेंपो ठरवला. बायको सकाळच्या एसटीने पुढे गेली, वहिनींच्या हाताला हात म्हणून. फळी चादरीत गुंडाळली, वर प्लास्टिक, वर ताडपत्री. तरीही मला धीर नव्हता, म्हणून मी ड्रायव्हरशेजारी न बसता मागे फळी धरून बसलो. ड्रायव्हर म्हणाला, "डॉक्टर, म्होरं या की. मागं हाडं खिळखिळी व्हतील. आत काय मूर्ती हाय का?" मी म्हटलं, "नाही, स्टेशन आहे." त्याने मान हलवली. डॉक्टर लोकांचं काही सांगता येत नाही असा चेहरा.

हायवेला खड्डे, पाऊस सरी धरून येत होता. पोलादपूर सोडून गावाच्या रस्त्याला लागलो तेव्हा पायांना पूर्ण मुंग्या आल्या होत्या, आणि मी मनातल्या मनात जोडणीचा क्रम म्हणत होतो. आधी दोन्ही फळ्या एका पातळीत. मग पट्ट्या. मग नख दादानेच फिरवायचं, मी नाही. पहिली गाडी कुणाची, यावर वाद होईल. होऊ दे. त्याची सोडू पहिली, माझ्या स्टेशनात येऊ दे ती.

अंगणात टेंपो थांबला तेव्हा ओट्यावर बायको उभी होती. मी उतरून ताडपत्रीची दोरी सोडायला लागलो. ती पायऱ्या उतरून भिजत माझ्याजवळ आली आणि दोरीवर हात ठेवून म्हणाली, "अहो, उतरवू नका."

"का? जागा नाही?"

"आधी आत जाऊन बघून या." तिने माझ्याकडे बघितलं नाही. मुलीच्या सासरचं काही वाईट सांगायला येतात तशी ती बोलत होती, जपून.

आत माजघरात मखर तयार होतं. वहिनी पाट पुसत होत्या. आणि दादा बनियनवर, चष्मा कपाळावर, गुडघे टेकून जमिनीवर बसला होता. मला बघून त्याचा चेहरा फुलला. "आलास! ये, ये, बस. दाखवतो." त्याने बटण दाबलं.

मखराभोवती गाडी फिरायला लागली. बोगद्यातून बाहेर आली, पुलावरून गेली, वळली, स्टेशनात आली, निघाली, पुन्हा बोगद्यात. अख्खा फेरा. थांबत नव्हती कुठे.

ती इतकी लहान होती. आधी मला वाटलं, लांबून बघतोय म्हणून. वाकलो. डबा करंगळीएवढा. आमच्या रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर, त्याच्या रुळांमधलं नऊ. ते डोळ्यांना मोजावं लागत नाही, आयुष्य गेलंय त्यात. डोंगर तोच होता, मी कोरलेला. गाडी लहान झाल्यामुळे तो दुप्पट उंच दिसत होता. शोभत होता, खोटं कशाला बोलू. फळीची कापलेली कड मी शोधली. ती रंध्याने गोल करून वर हिरवी लाकडी पट्टी ठोकली होती.

"एवढ्या फळीत मोठ्या मापाचं वळण मावत नाही ना," दादा सांगत होता. "दोन-तीन वर्षं डोकं फोडलं. आणि मग एकदा वाटलं, मापच बदललं तर? सगळे रूळ उपटले. हे लहान माप मागवलं. अर्ध्याच फळीवर अख्खा फेरा बसला बघ! कसं सुटल्यासारखं झालं सांगू तुला."

"कधी केलंस?"

"झाली की बरीच वर्षं."

स्टेशन बाजारचं होतं. प्लास्टिकचं, तयार, उतरत्या लाल छपराचं, छपराच्या कडेला पांढरा रंग. बर्फ होता तो. आमच्या घाटाखाली बर्फ. ज्या माणसाने माझी गाय उचलायला लावली होती त्याच्या फलाटाशेजारी.

"स्टेशन तयारच मिळतं रे आता," तो म्हणाला. "तुझ्यासारखं कोरत बसायचं मला कुठे जमणार. पण काम भागतं."

काम भागतं. मी म्हटलं, "छान झालंय." आणि ते छानच झालं होतं. रूळ असे टाकले होते की डोळा लावून बघितला तरी कुठे वाकडेपणा नाही. त्याने मला डावललं होतं असंही नाही, रागाने तर मुळीच नाही. तो फक्त पुढे गेला होता. मी समजत होतो की आम्ही दोघं एकाच ठिकाणी थांबून आहोत. थांबलो होतो मी एकटाच. त्याचा गोल माझ्याशिवाय कधीच पुरा झाला होता, आणि त्यात माझ्या स्टेशनाइतकी फट कुठेही राहिली नव्हती. मी तिथेच भिंतीला टेकून बसलो. त्याला वाटलं, प्रवासाने दमलो. त्याने वहिनींना चहा टाकायला सांगितला.

चहा पिऊन झाल्यावर तोरणाला आंब्याचे डहाळे आणायला म्हणून तो बाहेर गेला आणि टेंपो बघून थबकला. मी मागोमाग आलो. ड्रायव्हर म्हणाला, "काका, ह्ये उतरवायचं हाय का नाय? म्हाडला भाडं थांबलंय माझं."

दादाने ताडपत्री उचलली. प्लास्टिक बाजूला केलं. चादर सरकवली. स्टेशन दिसलं त्याला. पाण्याची टाकी, रांगेतली माणसं, ती बाई, तिची नवी पिशवी. त्याने बोट नेलं ते थेट रुळांच्या टोकांवर. महिनाभर पुसलेली टोकं पावसाच्या उजेडात चमकत होती. त्याचं बोट तिथेच राहिलं. त्याला सगळं एकदम कळलं असणार, कारण त्याचे कान लाल झाले. लहानपणापासून रडू आलं की त्याचे कान आधी लाल होतात.

"मला वाटलं, तू कधीच मोडून टाकली असशील," तो म्हणाला.

मी प्लास्टिकवरचं पाणी झटकलं.

"अरे, एकदा विचारायचंस तरी."

"काय विचारणार होतो, दादा? तुझं माप तेच आहे का, असं?"

त्याने चादर परत नीट पसरली, चारही कोपरे खोचले, लहान मुलाला पांघरूण घालावं तशी, आणि डहाळे विसरून पावसात उभा राहिला. मग म्हणाला, "ठेवून जा की इथेच. माळ्यावर जागा आहे."

"नको," मी म्हटलं. "घरीच राहू दे."

ड्रायव्हरला दवाखान्याची किल्ली दिली, त्याने टेंपो वळवला. फळी धरायला या वेळी मागे कुणी नव्हतं.

पाच दिवस मी तिथेच राहिलो. आरत्या झाल्या, गौरी आल्या, गेल्या. बायको माझ्याशी फार हळू बोलायची, त्याचाच मला राग यायचा. दादा कामं काढून काढून माझ्यापासून लांब राहायचा, आणि जेवताना माझ्या पानात दुसऱ्यांदा मोदक वाढायला सांगायचा. वाडीतली मुलं मात्र दोन्ही वेळ येऊन माझ्या मागे लागायची, आणि दादा जागेवर नसायचा, म्हणून त्याची गाडी मीच सोडायचो. पाच दिवस सकाळ-संध्याकाळ मी ती चालवली. एकदाही रुळावरून उतरली नाही.